तीनशेच्या स्पीडनं

किस्से कोणी जमवत नाही. आमच्या गाळ्याच्या कोपऱ्यात जुन्या वायरींचा ढीग असायचा, तसं त्यांचं आहे. त्यातली एकही वायर कोणी मुद्दाम आणून ठेवलेली नव्हती, पण 'लागेल कधीतरी' म्हणून टाकूनही कोणी देत नव्हतं. मग एक ओढायला जावं तर चार हातात यायच्या. परवा भोईर आला, मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला. चहा पिता पिता त्यानं एक वायर ओढली आणि आमची संध्याकाळ गेली. हसलो पुष्कळ. तो गेल्यावर मात्र मला घरात बसवेना. म्हटलं, तुम्हाला सांगून टाकावं, म्हणजे निदान डोकं रिकामं होईल.

आधी माणसं सांगतो, चारच आहेत. डोंबिवलीत मानपाड्याला एका नट-बोल्टच्या कारखान्यावर, लोखंडी जिना चढून गेलं की आमचा गाळा होता. कंपनीला रीतसर नाव होतं, पण सगळे 'सोमणांचा गाळा' म्हणायचे. सोमण सर मालक. मोठ्या कंपनीतली बरी नोकरी सोडून त्यांनी पतपेढ्या, कारखाने, दवाखाने यांच्या कॉम्प्युटरची देखभाल अंगावर घेतली होती. भोईर मानपाड्याचाच, डिप्लोमा झालेला, हाताला गुण आणि तोंड फटकळ. मंगला ठाण्याच्या कोळीवाड्यातली. तिची आई बाजारात मासळी विकायची आणि आवाज मंगलानं आईचाच घेतला होता. चौथा मी. मी दिवा गावात भाड्यानं राहायचो, पाण्याच्या रांगेतून सुटून उशिरा पोचायचो, आणि सर घड्याळाकडे बघतात म्हणून जिन्यातच घाबरायचो. पुढे पुढे सर घड्याळाकडे बघेनासे झाले. मला वाटलं, निवळले.

निवळले कसले! डोळे जात होते त्यांचे. साखर होती, बरीच वर्षं, आणि ती आतून डोळे खात होती. हे आम्हा तिघांना कळलं होतं. आम्हाला कळलंय हे सरांना कळलेलं नाही, अशी आमची समजूत होती. गाळा चालायचा तो सरांच्या शब्दावर. सोमणांनी बघितलंय म्हणजे मशीन ठीक आहे, असं ठाण्यापासून कल्याणपर्यंत लोक मानायचे. हा माणूस बघू शकत नाही असं बाहेर कळलं असतं तर गाळ्याला कुलूप लागलं असतं. पण खरं सांगू का, कुलपाची भीती आम्हाला दुसऱ्या नंबरची होती. पहिली भीती ही, की चारचौघांत कोणीतरी सरांना तोंडावर 'तुम्हाला दिसत नाही' असं म्हणेल.

तर एवढं ध्यानात ठेवा आणि ऐका.

*

तेव्हाचे कॉम्प्युटर म्हणजे कपाटाएवढं एक मशीन आणि त्याला वायरींनी जोडलेले आठ-दहा स्क्रीन. त्यातली एक जोडणी मुख्य. सकाळी मशीन चालू केलं की ते आपली तब्येत या मुख्य जागी सांगायचं. हा कन्सोल. मेमरी ओके, डिस्क रेडी, टेप रेडी, क्लॉक ओके, प्रिंटर रेडी, अशा ओळी एकापाठोपाठ एक यायच्या आणि मगच कामाला सुरुवात व्हायची. बहुतेक ठिकाणी कन्सोल म्हणजे कागदावर टाइप करणारं खडखड्या यंत्र असायचं.

यात गोम एकच. मशीन ज्या स्पीडनं अक्षरं पाठवतं त्याच स्पीडनं कन्सोलनं ती घेतली पाहिजेत, नाहीतर समोर नुसता कचरा दिसतो. स्पीड ठरवायला मशीनच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढी बटणं असायची. मशीन ती चालू होताना एकदाच बघायचं. नंतर तुम्ही बटणं कितीही फिरवा, ते ढुंकून बघायचं नाही. बंद करा, बटण बदला, परत चालू करा. सगळे लोक स्क्रीन लावून नऊ हजार सहाशेचा स्पीड ठेवायचे, म्हणजे ओळी झपकन येऊन वर निघून जायच्या. आमच्या गाळ्याचं गिऱ्हाईक असेल तिथे मात्र तीनशे. म्हणजे मशीन एकेक अक्षर मोजून दिल्यासारखं द्यायचं.

मी नवीन असताना सरांना विचारलं, हा बैलगाडीचा कारभार का? सर पुण्याच्या वळणाचं मराठी बोलायचे. म्हणाले, "मशीन उठताना काय सांगतं ते कुणीतरी पूर्ण ऐकून घ्यायला हवं. नंतर ते दिवसभर तुमचंच ऐकतं."

खरं कारण मला भोईरनं जिन्यात सांगितलं. कल्याणला औषधांचं एक गोदाम होतं. तिथे सरांनीच नऊ हजार सहाशे लावून दिले होते. मंगला तिथे ऑपरेटर. डिस्क खराब होत चाललीय अशी एक ओळ रोज सकाळी यायची आणि कुणी वाचायच्या आत वर निघून जायची. एक दिवस डिस्क बसली आणि गोदामाचा सगळा हिशेब घेऊन गेली. मालकानं मंगलाला चोर ठरवल्यासारखं हाकललं. सर तिच्यासाठी मालकाकडे गेले. म्हणाले, "तिला ओळ दिसली नाही, कारण ती दिसेल अशी मी ठेवलीच नव्हती." मालक म्हणाला, मग तुम्हीच ठेवा तिला. सर तिथूनच तिला रिक्षात घालून गाळ्यावर घेऊन आले आणि दुसऱ्या दिवसापासून आमची सगळी मशीनं तीनशेवर आली.

भोईरच्या मते कंपनीच्या धोरणाबद्दल आम्हाला कधी मिटिंग घ्यावी लागली नाही ती यामुळे.

*

आंबिवलीकडे रंगाचा एक छोटा कारखाना होता. मालक सज्जन, देवभोळे. दसऱ्याला त्यांनी सगळ्या मशीनांची पूजा केली. कॉम्प्युटरला कुंकू लावायचं कुठे हा प्रश्न पडला. समोर सगळं गुळगुळीत. मग गुरुजींनी मागच्या बाजूची ती बारकी बटणं शोधून काढली. तिथे हळदकुंकू, फूल आणि मूठभर अक्षता.

दुसऱ्या दिवशी कन्सोलच्या कागदावर कचरा. मालकांचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज रडवेला होता. पूजेत काहीतरी चुकलं, मशीन रागावलंय, असं ते सरांना सांगत होते. सरांनी त्यांना शांत केलं आणि आम्हाला पाठवलं.

भोईरनं बॅटरी मारून बघितलं. एक तांदूळ बटणाच्या फटीत अडकून बटण अर्धवट उचललं गेलं होतं आणि स्पीड बदलला होता. त्यानं चिमट्यानं तो दाणा काढला, मालकांच्या तळहातावर ठेवला आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "साहेब, मशीन तीनशेवर जेवतं. तुम्ही जास्त वाढलंव."

मालकांनी तो दाणा खिशात ठेवला. पुढल्या दसऱ्याला कारखाना बंद पडलेला होता. मशीन भंगारवाल्यानं वजनावर नेलं. आम्ही आमच्या वायरी सोडवायला गेलो होतो तेव्हा मागच्या पत्र्यावर कुंकू तसंच होतं.

*

आमच्या गाळ्याची आणखी एक रीत होती. दुरुस्तीनंतर मशीन गिऱ्हाइकाच्या हवाली करताना एकानं सुरुवातीच्या ओळी मोठ्यानं वाचायच्या आणि सरांनी हात मागे बांधून ऐकायच्या. प्रत्येक ओळीला सर 'हं' म्हणायचे. 'हं' आल्याशिवाय पुढची ओळ वाचायची नाही. मशीनही तीनशेच्या स्पीडनं, मधेमधे थांबत बोलायचं, त्यामुळे दोघांचं जमायचं. वाचायचं काम मंगलाकडे, कारण मशीनरूमच्या एसीच्या घरघरीवर चढेल असा आवाज तेवढा तिचाच.

ठाण्याच्या एका पतपेढीत पहिल्यांदा हे वाचन झालं तेव्हा अध्यक्ष हजर होते. म्हातारे, धोतर-कोट. मंगलानं सुरुवात केली, "मेमरी ओके." सर म्हणाले, "हं." "डिस्क झीरो रेडी." "हं." दोन ओळी झाल्या आणि अध्यक्षांनी चपला काढल्या. चौथ्या ओळीला हात जोडले. वाचन संपल्यावर त्यांनी मंगलाला विचारलं, "बाई, हे रोज म्हणायचं की फक्त गुरुवारी?"

आमच्यातलं कोणी हसलं नाही. सर म्हणाले, "रोज. पण चपला असल्या तरी चालेल."

त्या पतपेढीचे सेक्रेटरी तावडे. ते मात्र पहिल्या दिवसापासून आमच्यावर नाराज होते. शेजारच्या बँकेतलं मशीन चहा सांगेपर्यंत चालू होतं आणि आमचं चहा येऊन गार झाला तरी बोलतच असतं, हे ते प्रत्येक भेटीत ऐकवायचे.

*

सरांचा कान ही आमच्याकडे कौतुकाची गोष्ट होती. कन्सोलचं यंत्र कागदावर टकटक करत असायचं आणि सर पाठ करून खिडकीशी उभे असायचे. ओळ आखूड आली की लांब, हे त्यांना आवाजावरून कळायचं. एकदा पाठमोरेच म्हणाले, "थांबा. टेपची ओळ लांब आली." बघतो तर खरंच, रेडीच्या जागी नॉट रेडी. मी तर चाट पडलो. भोईर म्हणाला, "सर तबला ऐकतान." आम्हाला वाटायचं, एवढ्या वर्षांच्या कामानं माणसाला अशी सिद्धी मिळत असेल.

मग तो रिबिनीचा दिवस आला. गाळ्यातल्याच मशीनची चाचणी चालली होती. भोईरनं कन्सोलची जुनी रिबिन काढली आणि नवी घालायची राहून गेली. मशीन चालू झालं, यंत्रानं इमानेइतबारे टकटक केली, कागद पुढे सरकला. कागदावर एक अक्षर नाही. सगळा कोरा.

सरांनी पुढे होऊन कागद फाडला, दोन्ही हातांत धरला, चष्मा कपाळावर घेतला आणि वरपासून खालपर्यंत मान हलवत बघितला. म्हणाले, "छान. स्वच्छ आलंय. फाइल करून टाका."

भोईर हसला. त्याला वाटलं, सरांनी त्याची टर उडवली. सर हसले नाहीत. कागद हातात धरून ते उभे राहिले, कोणीतरी घेईल म्हणून. ते ज्या बाजूला बघत होते तिथे कोणी नव्हतं. भोईरचं हसू जागच्या जागी बंद झालं. मंगला उठली, सरांच्या हातातून कागद घेतला, त्याला भोकं पाडली आणि फाइलला लावला.

त्यानंतर आम्ही तिघं जिन्यात कितीतरी वेळ बसलो. खाली कारखान्यात नट-बोल्टांचा आवाज चालला होता. मला रडू येत होतं आणि राग कोणावर काढावा ते समजत नव्हतं.

*

सरांची बायको, आमच्या काकू, डोंबिवलीहून कधीतरी डबा घेऊन यायच्या. एकदा आल्या त्या रिक्षातून, बरोबर खोकं. खोक्यात दोन मोठाले बल्ब. सर बँकेत गेले होते. काकू म्हणाल्या, हे घरी म्हणतात गाळ्यात उजेड कमी आहे, त्यामुळे डोळ्यांवर ताण येतो. तर हे लावून टाका.

गाळ्याला दोन्ही बाजूंनी खिडक्या होत्या. उजेड कसला कमी, उन्हाळ्यात आम्ही पेपर चिकटवायचो. काकूंनी ते बघितलं. खिडक्यांकडे बघतच त्यांनी मला हळूच विचारलं, "दिसतं ना रे त्यांना? मला काही सांगत नाहीत."

मी म्हणालो, "दिसतं की काकू."

भोईर तोवर स्टुलावर चढला होता. दोन्ही बल्ब लावले. भर दुपारी गाळा लग्नाच्या मांडवासारखा झगमगायला लागला, आणि उकडायलाही. सर परत आले. काकूंनी सांगितलं, उजेड केलाय. सर दारात थांबले, वर बघितलं. भोईरनं एक बल्ब मधेच विझायला लागला म्हणून नेमका तेव्हाच बटण बंद करून उतरवायला घेतला होता, दोन्ही बंद होते.

सर म्हणाले, "हां. आता कसं!"

काकू डबा ठेवून लगेच निघाल्या. मी त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेलो. कठडा धरून त्या एकेक पायरी उतरत गेल्या.

*

त्यात डोंबिवलीची वीज. ती गेली की सगळी मशीनं बंद, आली की सगळीकडून फोन आणि सगळीकडे वाचन. एका उन्हाळ्यात मंगलाचा घसा पार बसला. कोमट पाणी, ज्येष्ठमध, आईनं दिलेला कसला तरी काढा, काही उपयोग होईना. मग वाचन भोईरकडे आलं. भोईरला मुळात ओळी वाचायचा कंटाळा. एका दवाखान्यात त्यानं एका सुरात उरकून टाकलं.

सर 'हं' म्हणाले नाहीत. म्हणाले, "भोईर, तुझ्या तोंडून मशीन आजारी वाटतं."

दवाखान्याच्या डॉक्टरांनी खरंच मशीन आजारी आहे असं समजून दुसऱ्या कंपनीला बोलावून घेतलं. तिथून ते गिऱ्हाईक सुटलं ते सुटलंच. आता हसायला येतं, पण तेव्हा पगार लांबले होते.

मंगलानं दुसऱ्या दिवशी नेलपॉलिश आणलं, लाल. गाळ्यातल्या मशीनच्या मागे तीनशेच्या बटणावर एक जाडसर ठिपका दिला, म्हणजे बोटाला लागावा. मग एकेका गिऱ्हाइकाकडे गेली की तिथेही. ती काय करतेय हे आम्ही तिला विचारलं नाही. सरांच्या बोटाला पहिल्यांदा तो ठिपका लागला तेव्हा ते थबकले. विचारलं, हे काय लागलंय? मंगला म्हणाली, "रंगाचा पोपडा आलाय, सर."

"असू दे," सर म्हणाले. "खरवडू नका."

*

पुढचं सगळं उतरणीचंच आहे. कपाटाएवढी मशीनं गेली, टेबलावरची आली. त्यांना मागे बटणं नव्हती आणि त्यांचं उठताना काय चाललंय ते ऐकायची कोणाला गरज वाटत नव्हती. रंगवाले गेले, दवाखाना गेला. उरलेल्या गिऱ्हाइकांत मोठी अशी ठाण्याची पतपेढीच. गाळा काही वर्षांनी गेला. तिथे आता शिवणकामाचं युनिट आहे. सर शेवटी पूर्ण अंधारात होते. मंगला रविवारी त्यांच्याकडे जायची, पेपर वाचून दाखवायला. प्रत्येक बातमीला 'हं' यायचा म्हणे. सर गेले तेव्हा आम्ही तिघंही होतो. भोईर रडला, त्याच्याकडून ते अपेक्षित नव्हतं.

पतपेढीनं मात्र शेवटपर्यंत आम्हाला सोडलं नाही. तावड्यांनी करार चालू ठेवला. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. परवा भोईरनं ओढलेली वायर हीच होती.

*

सर अजून गाळ्यावर यायचे तेव्हाची ही गोष्ट. तावड्यांनी कन्सोलचं खडखड्या यंत्र काढून टाकायला लावलं आणि त्या जागी नवा कोरा स्क्रीन आणला. आवाज नको, कागद नको, जरा आधुनिक दिसलं पाहिजे. त्याच सुमारास दुसऱ्या एका कंपनीचा माणूस त्यांच्याकडे येऊन सरांविषयी काहीबाही बोलून गेला होता. तावड्यांनी फोनवर मला सरळच सांगितलं. करार पुढे न्यायचा असेल तर सोमणांनी स्वतः येऊन मशीन बघून द्यावं. संचालक मंडळासमोर. दुसऱ्या कुणी नाही.

आम्ही तिघं टरकलो. सरांना सांगितलं तर ते म्हणाले, "जाऊ की. त्यात काय?" दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. मंगलानं एक बाजू धरली, भोईरनं दुसरी. धरल्याचं दिसू नये म्हणून दोघांच्याही हातात उगाच एकेक बॅग होती.

मशीनरूममध्ये संचालक दाटीवाटीनं उभे. अध्यक्ष खुर्चीवर, चपला काढून. तावडे स्क्रीनच्या अगदी बाजूला, हाताची घडी घालून. सर सवयीनं मशीनच्या मागे गेले, बोटानं ठिपका चाचपला, पुढे आले आणि स्क्रीनसमोर हात मागे बांधून उभे राहिले. भोईरनं मशीन चालू केलं.

आणि स्क्रीनवर कचरा आला. उलटी प्रश्नचिन्हं, चौकोनी ठोकळे, मधेच एखादं एकटं अक्षर. मशीन तीनशेवर बोलत होतं आणि नवा स्क्रीन दुकानातून आला तसा नऊ हजार सहाशेवर ऐकत होता. इतकी वर्षं कन्सोल म्हणजे ते खडखड्या यंत्र, त्याच्या स्पीडला हात लावायची वेळच कधी आली नव्हती. स्क्रीनचा स्पीड बदलायला हवा हे आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात आलं नाही.

स्पीड जुळवून मशीन बंद करून परत चालू करणं सोपं होतं. पण त्यासाठी कोणीतरी तोंड उघडायला हवं होतं. आणि सर त्या कचऱ्यासमोर अर्ध्या हातावर उभे होते, चेहरा शांत, मान जराशी तिरकी, कान पुढे. यंत्राची टकटक येत नव्हती. त्यांना ऐकायला काहीच नव्हतं.

तावड्यांनी स्क्रीनकडे बघितलं. मग सरांकडे बघितलं. त्यांचं तोंड उघडलं.

"मंगला," सर म्हणाले, "वाच."

मंगलानं पदर सारखा केला आणि स्क्रीनकडे बघून खणखणीत आवाजात म्हणाली, "मेमरी ओके."

"हं."

समोर प्रश्नचिन्हांची एक रांग वर सरकली. तावडे आता मंगलाकडे बघत होते. भोईर तावड्यांकडे बघत होता, आणि भोईरची ती नजर मी आधी किंवा नंतर कधी बघितली नाही. तावड्यांनी तोंड मिटलं.

"डिस्क झीरो रेडी."

"हं."

"डिस्क वन रेडी."

"हं."

ती घाई करत नव्हती. तीनशेच्या स्पीडनं मशीन जिथे थांबायचं तिथे तीही थांबत होती. स्क्रीनवर ठोकळे येत होते आणि तिचं बोट एकेका ओळीखालून सरकत होतं. संचालकांपैकी एकानं दुसऱ्याला कोपर मारलं. अध्यक्षांनी हात जोडलेलेच होते. "टेप रेडी," मंगला म्हणाली. "हं," सर म्हणाले. "प्रिंटर रेडी," ती म्हणाली. सरांचा 'हं' या वेळी थोडा उशिरा आला. "सिस्टिम रेडी."

सगळं संपलं. मशीनरूममध्ये फक्त एसीची घरघर. तावडे मान खाली घालून स्वतःच्या बुटांकडे बघत होते. 'हं' काही येईना.

सरांनी पाठीमागचे हात सोडले.

"मंगला," ते म्हणाले, "घड्याळ राहिलं."

मंगलानं स्क्रीनकडे बघितलं. ठोकळेही थांबले होते आता.

"आत्ता आली, सर," ती म्हणाली आणि वाचलं, "क्लॉक ओके."

"हं," सर म्हणाले.